कागदावरचं सतरावं वर्ष

तीन मुलांनी मिळून बेसबॉलच्या बॅटनं शेजाऱ्यांच्या अकरा टपालपेट्या फोडल्या, तेही भरदुपारी. दोघं सोळा वर्षांची, त्यांना मुलांच्या कोर्टाची तारीख मिळाली आणि आईवडील येऊन घरी घेऊन गेले. तिसऱ्याला, दीपाताईंच्या ऋषीला, मोठ्यांच्या तुरुंगात नेलं. बोटांचे ठसे, फोटो, दुसऱ्या दिवशी जामीन. पासपोर्टप्रमाणे त्याला सतरा पूर्ण होऊन अडीच महिने झाले होते, आणि अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात सतरा पूर्ण झाली की माणूस फौजदारी कोर्टापुरता मोठा होतो.

समोरच्या घरातल्या उपासनाच्या डोक्यातून हे जाईना. तिचा निमिष तीन वर्षांचा. रोज काही ना काही फोडायचाच.

"मत देता येत नाही, बिअर मिळत नाही, मग तुरुंग तेवढा कसा मिळतो?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"तू लॉ कधी केलंस?" अनुप म्हणाला.

"बी.एस्सी. केलंय. वाचता येतं."

निमिषला कडेवर घेऊन तिनं लायब्ररीतून पानं प्रिंट करून आणली. मुलांच्या कोर्टात दार बंद असतं, नाव सहसा बाहेर येत नाही, या पोराचं पुढं काय करायचं असा विचार होतो. मोठ्यांच्या कोर्टात गुन्हा बघतात नि शिक्षा ठरवतात. ती नोंद नोकरी मागायला गेलं तरी मागे येते. पेट्या त्याच, बॅट तीच. मधल्या काही आठवड्यांत पोराच्या आत नक्की काय बदलतं, हे मात्र कुठल्याच पानावर नव्हतं.

संध्याकाळी ती पानं घेऊन दीपाताईंकडे गेली. पहिल्याच पानावर तिनं दीपाताईंकडून ऋषीची पासपोर्टवरची जन्मतारीख टिपून घेतली होती, ती वाचताना ती अडखळली.

"ताई, इथं एक जून आहे. पण वाढदिवस तर तुम्ही ऑक्टोबरात करता. गेल्या वर्षी मी गुलाबजाम करून आणले होते."

दीपाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. एकनाथराव कसंनुसं हसले.

"एक जून गुरुजींचा. आमच्या गावात अर्धा वर्ग एक जूनला जन्मलाय, मीसुद्धा. याच्या आजोबांना शाळेत घालायची घाई. वय भरत नव्हतं, गुरुजींनी भरवलं."

"म्हणजे ऋषी अजून सोळाचाच आहे."

"खरा सोळाचा. पण पासपोर्टवर एक जून, व्हिसावर एक जून, ग्रीन कार्डाच्या अर्जावर एक जून. आता म्हणू, साहेब, इतकी वर्षं चुकीचं लिहिलं? पोरगं सुटेल आणि आम्ही सगळे भारताच्या विमानात."

हे उपासनाला सुचलंच नव्हतं. पानांची घडी करता करता ती म्हणाली, "भाऊजी, वकिलाला विचारलेलं बाहेर जात नाही. तेही वाचलंय मी. निदान विचारून तर बघा."

"वाचनानं फार पुढं गेलीस बाई," एकनाथराव म्हणाले.

ऋषी जिन्यात बसून ऐकत होता. "बाबा, डोन्ट," तो म्हणाला. "तुमचा जॉब जाईल. आय डिड इट. मी जातो त्या कोर्टात."

एकनाथरावांनी खणातून भारतात फोन करायचं कार्ड काढलं. मग दीपाताईंना म्हणाले, "तुझ्या दादाला फोन लाव. बाळंतपण माहेरी झालं ना, तुमच्याच ग्रामपंचायतीत नोंद असणार."

"आणि व्हिसा?"

"उद्या आधी वकिलाला तेच विचारतो. काय होईल ते माझं होईल. दाखला हातात येऊ दे."

दीपाताईंनी कॉलिंग कार्डावरचे आकडे दाबले. तिकडे नुकतं उजाडत होतं. उपासना उठायची विसरून ऐकत राहिली.

"दादा, झोपेतून उठवलं का रे? पंचायत उघडली की जा. अठ्ठ्याऐंशी सालचं रजिस्टर काढायला सांग. ऋषी नावानं शोधू नकोस, तेव्हा बारसं कुठं झालं होतं? एकोणीस ऑक्टोबरला माझ्या नावापुढं नुसतं 'मुलगा' लिहिलेलं असेल, ते बघ."