एकसष्ट किलो

काळूराम भोईर बावन्नाव्या वर्षी जिममध्ये जायला लागला, तेव्हा अख्ख्या जूचंद्र गावाला हसायला विषय मिळाला. गोखिवऱ्याच्या कारखान्यात बावीस वर्षं लेथ चालवणारा माणूस, पोट सुटलेलं, मिशी पिकलेली, आणि संध्याकाळी हाफ पँट घालून पोरांच्या घोळक्यात वजनं उचलतोय! "काळूराम, दुसरं लगीन हाय काय?" असं नाक्यावर कोणी विचारलं, की हा नुसता हसायचा. हसू द्या हो लोकांना. त्यांचं काय जातंय?

त्याचं काय गेलं होतं, ते सांगतो. जिमच्या दोन वर्षं आधी तो स्कूटर चालवत होता आणि मागे हंसा, त्याची बायको, बसली होती. समोर कुत्रं आलं, स्कूटर घसरली. काळूरामला कोपरावर खरचटलं. हंसाचं कंबरेखालचं अंग गेलं ते गेलंच. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, तरी आपल्याला नुसतं खरचटलं याची त्याला आजही शरम वाटते.

हंसा रडत बसणारी बाई नव्हती. तिने ओटा बुटका करून घेतला आणि चाकाच्या खुर्चीत बसून स्वयंपाक सुरू केला. हात तिचे शाबूत होते, तोंड तर त्याहून शाबूत. पण पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून मोरीत, मोरीतून परत पलंगावर असं सकाळ-संध्याकाळ मिळून पाच-सहा वेळा तिला उचलावं लागायचं. वजन एकसष्ट किलो. एकदा ती काळूरामच्या हातातून निसटली आणि दोघंही पलंग आणि खुर्चीच्या मध्ये फरशीवर आडवी झाली. त्याला तिला उठवता येईना, शेजारी कोणी घरात नव्हतं. पाऊण तास तशीच पडून होती. "अवो, आता जेवन बी इथंच वाढून घेऊ," हंसा म्हणाली आणि खो खो हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी तो जिमच्या दारात उभा. तिथला ट्रेनर स्टीवन, पस्तिशीचा, वसईचा. त्याने विचारलं, "काका, पोट कमी करायचंय?"

"पोट राहू दे. एकसष्ट किलो उचलाचंय. खालून छातीपरत. रोज पाच-सहा येला."

स्टीवनला कारण कळलं त्या दिवशी त्याने पोरांना बजावलं, काकांना जो हसेल त्याला मी बाहेर काढीन. मग पाठ सरळ कशी ठेवायची, जोर पायातून कसा लावायचा, श्वास कधी धरायचा, सगळं त्याने पहिलीतल्या मुलाला शिकवावं तसं शिकवलं. खाणं लिहून दिलं. ते खाणं सांभाळायचं काम हंसाने आपल्याकडे घेतलं. सकाळी चार अंडी, डब्यात चवळी नाहीतर वालाचं बिरडं, रात्री मासळी. अंडं एखादं कमी खाल्लं तर ती ताट उचलू द्यायची नाही. दीड वर्षात काळूराम सत्तर किलोचा बार उचलायला लागला आणि हंसाला खुर्चीतून पलंगावर ठेवताना त्याला धापही लागेना.

मग एका शनिवारी कारखान्यात लोखंडाचा जड जॉब सरकवताना त्याच्या पाठीत चमक भरली. डॉक्टर म्हणाले, स्नायू ताणलाय, तीन आठवडे काही उचलायचं नाही. जिम नाही, आणि बायकोही नाही.

पुतण्या हितेश शेजारीच राहायचा. तो आणि त्याची बायको सकाळ-संध्याकाळ यायची आणि चादरीची झोळी करून हंसाला उचलायची. त्याच रविवारी विरारहून मुलगी आली, रीमा. पोरगी मायाळू, पण तोंडाने सरळसोट. ती म्हणाली, "बाबा, तुमची पाठ गेली तर दोघंही पलंगावर. वसईत चांगलं केंद्र आहे, अशा पेशंटना ठेवतात, नर्स असतात. आईला तिथे ठेवू या."

हंसा आत भाकऱ्या थापत होती. थापण्याचा आवाज थांबला. "मना कुठं जाचं नाय," आतून आवाज आला. "मेले तरी याच घरात मरेन."

"आई, हट्टाचा प्रश्न नाहीये."

काळूरामने हात वर केला. "तीन हप्ते थांब. तीन हप्त्यांनी मी एकटा तिला उचलीन, तुझ्यासमोर. नाय जमलं, तं तू म्हनशील तसं."

झालं! बोलून बसला. त्या रात्री त्याला झोप लागली नाही, आणि हंसाला तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी त्याने स्टीवनला फोन लावला. कानाला धरून ऐकू येत नाही म्हणून स्पीकर चालू, आणि हंसा समोर मासळी साफ करत बसलेली. स्टीवन म्हणाला, "टेन्शन घेऊ नका काका. तीन आठवड्यांत मसल जात नाही. अंडी, डाळ, मासे आहे तेवढंच ठेवा. फक्त भात-भाकरी थोडी कमी करा. काम नाही तर तेवढं इंधन कशाला? नाहीतर नुसती चरबी चढेल."

"म्हंजे बसून राहनाऱ्यानं कमी खाचं?" हंसाने तिथूनच विचारलं.

"हो काकी, अगदी बरोबर." स्टीवनला वाटलं, काकी काकांचं पथ्य विचारतायत. त्या बिचाऱ्याचा काय दोष?

तीन आठवडे काळूरामने पथ्य नेमाने पाळलं. तीन भाकऱ्यांच्या जागी दीड. हंसा त्याला वाढायची आणि म्हणायची, "मी मघाशीच जेवले, लय भूक लागलेली." कारखान्याने त्याला बसून करायचं काम दिलेलं, त्यामुळे दुपारी ती घरात एकटी. परसात हितेशच्या कोंबड्या होत्या. त्या महिन्यात त्या चांगल्या गुबगुबीत झाल्या. लक्ष देणारं कोणी असतं तर तेवढ्यावरूनही कळलं असतं.

ठरल्या रविवारी रीमा आली. नवऱ्यालाही घेऊन आली. काळूरामने कंबरेला पट्टा बांधला, हात पुसले, हंसाच्या पाठीमागून आणि गुडघ्यांखालून हात घातले. त्याने श्वास धरला, पायांत जोर आणला आणि उठला. असा उठला की स्वतःच दचकला. वाटलं होतं त्याच्या निम्म्यानेच काम झालं! हंसाने त्याच्या गळ्यात हात टाकलेले, तिचं तोंड लग्नात हसलं नसेल इतकं हसरं. काळूरामने तिला तशीच उचलून ओटीवर आणलं, एक चक्कर मारली, परत नेऊन पलंगावर ठेवलं.

"बग!" तो रीमाला म्हणाला. "केंद्रावाल्यांना सांग, जागा दुसऱ्याला द्या."

रीमाचे डोळे भरले. पुन्हा तिने तो विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी काळूराम मिशीला पीळ देत जिममध्ये गेला. साठ किलोचा बार वाकून धरला, ओढला. बार गुडघ्यापर्यंत आला आणि तिथेच रुसला. स्टीवन म्हणाला, "असं होतं काका. सुट्टीनंतर थोडं खाली यायला होतं. पन्नासपासून सुरू करू."

"अरं, पन काल घरात एकसष्ट उचलली! चक्कर मारली!"

स्टीवनने डोकं खाजवलं. "काकी गळा धरतात ना? बार काय गळा धरत नाही." दोघांना ते पटलं. दोन शहाण्यांनी मिळून एक मूर्ख हिशेब मान्य केला. काळूरामने घरी येऊन हंसाला तो विनोद सांगितला, आणि वर म्हणाला, "सुट्टी मना मानवली गो. तू आता भुरकन उचलली जातेस." त्याने काय बोलून ठेवलं ते त्याला कळलं नाही. हंसा मात्र सुखावली आणि दुसऱ्या दिवसापासून तिने उरलेली अर्धी भाकरीही सोडली.

रोज बघणाऱ्याला रोजचा फरक दिसत नाही. ती ढगळ मॅक्सी घालायची. रीमा एकदा म्हणाली, "आई, बारीक झालीस गं." तर ही म्हणाली, "बरं झालं, साखरेचा रोग लागनार नाय." असे तीन महिने गेले. मग तिच्या माकडहाडापाशी जखम झाली, बसून बसून होते तशी. आल्बिना नावाची नर्स दिवसाआड ड्रेसिंगला यायला लागली. पंधरा दिवस झाले तरी जखम भरेना.

"ही खाते काय?" आल्बिनाने विचारलं.

"माज्यापेक्षा जास्त," काळूराम म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं.

"वजन करा आधी."

घरात पायाखालचा काटा होता. काळूराम आधी एकटा उभा राहिला, बहात्तर. मग हंसाला उचलून उभा राहिला. ती "राहू द्या, राहू द्या" म्हणत होती. आल्बिनाने वाकून बघितलं. एकशे सोळा.

"चव्वेचाळीस," आल्बिना म्हणाली.

काळूरामने काट्याला आईवरून शिवी दिली. हंसाला ठेवलं आणि कोपऱ्यातली तांदळाची न फोडलेली पंचवीस किलोची गोण काट्यावर आपटली. काट्याने पंचवीस दाखवले, ना कमी ना जास्त. तीन महिने ज्या ताकदीवर तो मिशीला पीळ देत होता, ती ताकद त्याची नव्हतीच. ती हंसाच्या अंगावरून उतरलेली सतरा किलो होती.

आल्बिना गेल्यावर त्याने गोण परत कोपऱ्यात ठेवली. मग म्हणाला, "का गो?"

हंसा भिंतीकडे बघत म्हणाली, "तुमची पाठ. परत चमक भरली असती तं? रीमानं नेलंच असतं मना." मग म्हणाली, "तो पोरगाच बोलला ना, काम नाय तर खानं कमी. तुमची सुट्टी तीन हप्त्यांची. मी तं कायमचीच सुट्टीवर हाय."

काळूराम ढसाढसा रडला. हंसाच्या मांडीवर डोकं ठेवून रडला, आणि त्या मांडीला त्याच्या डोक्याचा भारही कळत नव्हता, याचं त्याला आणखी रडू आलं. "तू शंभर किलो हो," तो म्हणाला. "दीडशे हो. मी उचलीन. माज्या गळ्याची शपथ, आजपासून माज्या ताटात जेवाचं."

आणि ती जेवायला लागली, बरं का. सुरुवातीला दोन घासांत मळमळायचं. पोट आक्रसलेलं. काळूरामने कारखान्यातून रजा काढली. तो तिला मऊ भात, डाळ, अंडं, काटे काढलेली मासळी असं दिवसातून सहा वेळा भरवायचा. स्टीवन घरी येऊन गेला. कानाची पाळी धरून काकींची माफी मागून गेला. काळूराम देवीला नवस बोलला, हिला पन्नास किलोची कर, ओटी भरीन. वीसेक दिवसांनी जखमेच्या कडा लाल दिसायला लागल्या. आल्बिना म्हणाली, "चांगलं लक्षण आहे, भरवत राहा."

मग एका मंगळवारी सकाळी तो तिला मोरीत न्यायला वाकला. हात घातले, उचलली, आणि त्याच्या दंडांना कळलं. भार होता. थोडासाच, दोन-तीन किलोंचा, पण होता! महिनाभर ज्याची वाट पाहिली तो भार हाताला लागल्यावर माणूस काय करील? त्याला इतका आनंद झाला की विचार करायला वेळच राहिला नाही.

"आयला!" तो ओरडला. "जड झालीस गो!"

हंसाचा चेहरा त्याला दिसत होता. अगदी जवळून दिसत होता, एका वितीवरून. तो चेहरा उतरला. तिने गळ्यातला हात घट्ट केला, जणू त्यानेच थोडं वजन कमी होईल.

"अगं, चांगलं झालं म्हनून बोललो! वजन वाढलं म्हनून! मना आनंद झाला!"

"हो हो," ती म्हणाली. "कळलं मना."

त्या दुपारी तिने चार घास खाल्ले आणि तोंड फिरवलं. पोट भरलं म्हणाली. रात्री दोन घास. त्याने शपथा घातल्या, हात जोडले, स्वतः उपाशी बसला. रीमाने येऊन तोंड भरून शिव्या दिल्या. हंसा कोणाशी भांडली नाही. सगळ्यांना हसून म्हणायची, "खाते ना, आत्ताच तं खाल्लं." जखम पुन्हा उघडली, ताप आला आणि जखमेचं विष रक्तात गेलं. हॉस्पिटलला न्यायला ती शेवटपर्यंत नको म्हणत होती. तिथे ती पाच दिवस होती.

डॉक्टरांनी मृत्यूच्या दाखल्यावर इन्फेक्शन लिहिलं. गावातही काळूराम तेच सांगतो, आणि ते खोटं नाही. रीमा म्हणते, बाबा, तुम्ही जेवढं केलंत तेवढं कोणी करत नाही. तो मान हलवतो. त्या मंगळवारी मोरीच्या वाटेवर आपण काय ओरडलो, ते त्याने अजून कोणाला सांगितलेलं नाही.