ओळंब्याचा अर्थ

हिब्रू संदेष्ट्यांना झालेल्या दृष्टान्तांचे अर्थ लावण्यात सरांची हयात गेली होती. उकळतं भांडं, आकाशात उडणारी ग्रंथाची गुंडाळी, खोऱ्यात पडलेली सुकी हाडं. एकही वस्तू त्यांनी नुसती वस्तू म्हणून सोडली नव्हती. घरात दूध उतू गेलं तरी आधी त्याचा अर्थ निघायचा आणि मग गॅस बंद व्हायचा. तोही बायकोच करायची.

वीस वर्षं वाट पाहून आता त्यांचं मोठं व्याख्यान ठरलं होतं, घरामागच्या त्यांच्याच जुन्या दालनात. विषय होता ओळंब्याचा दृष्टान्त: भिंतीपाशी देव ओळंबा धरून उभा आहे आणि संदेष्ट्याला विचारतो आहे, तुला काय दिसतं? दाखवायला खरा ओळंबा, गवंड्याची वजन बांधलेली दोरी, हवा, म्हणून सरांनी आदल्या दिवशी मेहुण्याला बोलावलं. मेहुणा गवंडी. त्याने भिंतीच्या माथ्याशी खिळा ठोकला, दोरी सोडली आणि बराच वेळ बघत राहिला.

"दाजी, भिंत आत झुकलीय. वर दोरी भिंतीला चिकटलीय, खाली चार बोटं लांब."

सर खूश झाले. "अरे, संदेष्ट्याला हेच तर सांगायचंय. भिंत म्हणजे समाज."

"समाजाचं मला कळत नाही. भिंतीला टेकू लावू द्या, आणि व्याख्यान पुढे ढकला."

ढकलतायत कसले! पालथ्या घड्यावर पाणी. मेहुण्याने ओळंब्याच्या टोकाखाली फरशीवर पेन्सिलीने फुली मारली आणि बहिणीला म्हणाला, "ताई, टोक फुलीवरून सरकलं तर तिथे थांबू नकोस."

दुसऱ्या दिवशी चाळीस खुर्च्या भरल्या. बायको नेहमीसारखी कडेला, नेमकी त्याच भिंतीखाली बसली. सर रंगात आले होते. "देव विचारतो, तुला काय दिसतं? संदेष्टा अर्थ सांगत बसत नाही. तो एवढंच म्हणतो, ओळंबा." आणि दाखवायला म्हणून ते वळले.

टोक फुलीच्या दोन बोटं पुढे आलं होतं.

हा प्रश्न सरांनी शेकडो वेळा शिकवला होता, पण स्वतःला आज पहिल्यांदाच पडला. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"उठा," ते म्हणाले. "सगळे बाहेर चला."

सभेने मान डोलावली. पेनं सरसावली. "बाहेर म्हणजे हद्दपारी," पहिल्या रांगेतला जुना विद्यार्थी शेजाऱ्याला कुजबुजला.

"अहो, भिंत पडतेय!" सर ओरडले.

"समाज," विद्यार्थ्याने लिहिता लिहिता दुरुस्ती केली.

इतकी वर्षं आपण काय पेरलं ते सरांना कळलं. तेवढ्यात बायको उठली. तिने आधी फुलीकडे पाहिलं, मग सभेकडे.

"पुढच्या अंगणात चहा मांडलाय," ती म्हणाली. "गार होईल."

दोन मिनिटांत दालन रिकामं झालं. सगळ्यांच्या मागून सर बायकोचा हात धरून बाहेर पडले. अंगणात चहाचा पत्ता नव्हता, आणि मंडळी त्याबद्दल कुरकुर करायला लागली तोच मागे भिंत कोसळली. बायकोच्या खुर्चीचा चुरा झाला.

धूळ खाली बसली तसा जुना विद्यार्थी वही घेऊन जवळ आला. "सर, याचा अर्थ?"

"भिंत पडली," सर म्हणाले.

त्याने ते लिहून घेतलं आणि पुढचं ऐकायला पेन धरून तसाच उभा राहिला.