उजव्या अंगठ्याचं थ्रॉटल

माझ्या उजव्या हाताला काही कळत नाही. हलतो, घास उचलतो, सही करतो. पण हातातला पेला गरम आहे की गार, ते डोळ्यांनी वाफ बघून ठरवावं लागतं. गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका येऊन गेला आणि जाताना एवढं घेऊन गेला. मन मात्र यंदा बधिर झालं, सौदामिनी गेली तेव्हा. बायको गेली तरी मला रडू आलं नाही. भेटायला येणारी मंडळी माझ्या डोळ्यांकडं बघत चहा प्यायची आणि निराश होऊन जायची.

माझी लेक श्रद्धा लातूरला कॉलेजात शिकवते. तिनं अट घातली होती, "अण्णा, नांदेडात एकटं राहायचं तर तुमचं तुम्हाला हिंडता-फिरता आलं पाहिजे. नाही तर मुकाट्यानं माझ्यासोबत लातूरला चला." लातूर वाईट नाही. पण मला माझं घर सोडायचं नव्हतं. म्हणून बॅटरीची सायकल घ्यायला आम्ही दोघं दुकानात गेलो.

दुकान व्यंकटचं. माझ्याच हाताखाली शिकलेला. गणितानं त्याला छळलं आणि त्यानं मला. त्यानं काउंटरवर सायकलचा वेग वाढवायची दोन थ्रॉटल ठेवली. "सर, हे मुठीत धरून पिळायचं, हे अंगठ्यानं दाबायचं. पिळायच्यानं मनगट लई दुखतंय. तुमाला अंगठ्याचंच बरं. डावीकडं बसवतो."

"डावीकडं कशाला?"

तो श्रद्धाकडं बघायला लागला. मला राग आला. "प्रसाद घ्यायला, दान द्यायला जन्मभर उजवा हात पुढं केला. आता नवी गाडी डाव्या हातानं सुरू करू? उजवीकडं बसव."

खरं कारण वेगळं होतं. दवाखान्यात सौदामिनीच्या तोंडात तुळशीपत्रावरून पाणी घातलं ते याच हातानं. थोडं तिच्या गळ्यावर सांडलं. मग हाच हात चादरीखाली तिच्या हातात दिला आणि तिच्या तोंडाकडं बघत बसलो. नर्स आली, म्हणाली, "काका, काकू गेल्या." मग चादरीखाली हात घालून ती बराच वेळ काहीतरी खटपट करत राहिली. नाडी बघत असेल, असं मला वाटलं. शेवटी तिनं माझा हात बाहेर काढून माझ्या मांडीवर ठेवला.

तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. त्या वेळी मी तिचा हात धरलेला होता, की माझा हात तिथं नुसताच पडला होता? जाताना तिला वाटलं असेल का, की यांनी सोडलं? हा हात कामातून गेला असं मान्य केलं, की उत्तर ठरलेलंच होतं. ते मला नको होतं.

व्यंकटनं हँडलची उजवी मूठ सैल करून थ्रॉटल आत सरकवलं, थोडं खाली वळवलं. "खुर्चीच्या दांडीवर ठेवता तसा हात ठिवा, सर. मनगट वाकाय नको. अंगठा आपसूक खटक्यावर आला पाहिजे." सायकल स्टँडवर होती, मागचं चाक अधांतरी. त्यानं बोल्ट आवळला आणि चावी फिरवली. "आता निसता अंगठा ठिवा. दाबू नका."

मी हात ठेवला आणि श्रद्धाकडं बघितलं, तिलाही कळावं म्हणून म्हणालो, "अगदी सुखात बसलाय."

दोघंही माझ्या मागं बघत होती. मग व्यंकट हळूच म्हणाला, "सर, दाबू नका म्हणलो ना."

"मी कुठं दाबतोय?"

"अण्णा, मागं बघा."

चाक गरागरा फिरत होतं. आवाज जवळजवळ नाहीच, ताराही दिसेनात. मी अंगठ्याला सोड म्हणालो. सोडला असंच वाटलं. चाक फिरतच होतं. व्यंकटनं झटकन चावी काढली.

झालं, निघालो लातूरला, असं मनात आलं. त्याचंही काही वाटलं नाही.

"अण्णा, मूठ सोडा आता."

"सोडली की."

"कुठं सोडली? केवढं घट्ट धरलंय!" श्रद्धा वाकली आणि माझी बोटं उकलू लागली. एक सुटलं की दुसरीकडं वळायची, तोवर पहिलं पुन्हा मिटायचं. तिला बराच वेळ लागला. मी ते सगळं बघत होतो आणि मला काहीच कळत नव्हतं, ना तिची बोटं, ना माझी.

तेवढ्यात ती नर्स आठवली. गेलेल्या माणसाची नाडी एवढा वेळ कोण बघतं? ती माझी बोटं सोडवत होती. मी धरलं होतं. शेवटपर्यंत धरलं होतं, आणि सौदामिनीला ते कळत होतं. तिचा हात तर चांगला होता.

मी दुकानातल्या स्टुलावर बसलो आणि हुंदके देऊन रडायला लागलो. श्रद्धानं माझं डोकं पोटाशी धरलं.

व्यंकट पुरता गडबडला. "सर, रडू नका की. डाव्या हातानं बी लई मस्त चालतीय. दोन दिवसांत सवय हुती."

"बसव डावीकडं," मी म्हणालो.