मंडळी कामठ्याला गेली

कुडव्याच्या झामसिंगची बायको तुलसा पोळ्याला माहेरी कामठ्याला गेली, ती दिवाळी झाली तरी परतली नाही.

झामसिंग बंडीवाला. गावोगावचं धान गोंदियाच्या गिरण्यांत पोचवायचं, हे त्याचं काम. माल वेळेवर पोचे, बैल पोटभर खात. फक्त परतीच्या वाटेवर दारूचं दुकान लागे, आणि तिथून पुढे बैलच मालकाला घरी आणत.

दिवाळीनंतर तुलसाचा धाकटा भाऊ तेजराम निरोप घेऊन आला.

"भाऊजी, तुलसाबाईनं सांगितलं. दारू सोडलेल्याइची मंडळी आहे ना, तिच्यात जाऊन बसा. मंडळीनं मान्य केलं तं ती येते. नाही तं चुलीपुढं तुमीच बसा म्हणते."

"अन् हे मंडळी बसते कुठं?"

"मले काऊन पुसता? मी का पेतो?"

झामसिंगनं रागानं दारू सोडली. पण राग किती दिवस पुरणार? पुढचं काम मंडळीचंच होतं, आणि मंडळी सापडेना. तिला स्वतःची जागा नव्हती. ज्याचा जीव त्या आठवड्यात दारूकडे जास्त ओढ घेई, त्याच्या अंगणात ती दर रविवारी जमे. देवळातल्या पुजाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "एकदा इथं बसली होती. भजन असं बेसूर म्हटलं का मीच हात जोडले, दुसरीकडं जा म्हटलं." बाजारात विचारलं तर लोक हसले. "तू अन् मंडळीत? आधी तोंड धुऊन ये!"

शेवटी एका रविवारी दुपारी तो दारूच्या दुकानातच शिरला. दुकानदार यादोराव गल्ल्यावर बसला होता.

"मंडळी? आज बिसरामच्या आंगनात आहे. तलावाच्या पाळीजवळ."

"तुले कसं माहीत गा?"

"माही चांगली चांगली गिऱ्हाइकं तिथं जाऊन बसून राहिली. मले नाही तं कोणाले माहीत राहील?" यादोरावनं गिलास भरून पुढे सरकवला. "जाता जाता घे. फुकट. निरोपाचा समज."

झामसिंगचा हात पुढे गेला. त्यानं तो मागे ओढला, काखेत दाबला आणि उलट्या पावलांनी दुकानाबाहेर आला. पाठ फिरवली तर हात तिथंच राहील, असं त्याला वाटलं.

बिसरामच्या अंगणात पुरुष चटईवर बसले होते आणि बायका समोर तांदूळ निवडत होत्या. मंडळीचा रिवाज असा की पुरुषानं उभं राहून आठवडा कसा गेला ते सांगायचं, आणि त्याच्या बायकोनं 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं. बायकोच्या साक्षीशिवाय पुरुषाचा शब्द धरत नसत.

चैतराम उभा राहिला. "या आठवड्यात मी थेंबभर नाही घेतली."

"अन् मामाच्या तेरवीत?" त्याची बायको निर्मलाबाई सुपातून मान वर न करता म्हणाली.

"ते नुसती ओठाले लागली व!"

"ओठ का शेजाऱ्याचे होते?"

सगळे हसले. चैतरामही हसला आणि खाली बसला.

मग झामसिंग उठला. आपली सगळी हकीकत सांगितली.

"तुही साक्ष कोण देते?" बिसरामनं विचारलं.

"तुलसा. पण तुमी मान्य केल्याबिगर ती येत नाही म्हणते."

"अन् तिच्या साक्षीबिगर आमाले मान्य करता येत नाही."

मंडळी विचारात पडली. कुणी म्हणालं, शेजाऱ्याची साक्ष घ्या.

"शेजाऱ्याची?" बिसरामची बायको सुमित्राबाई म्हणाली. "तो तं याच्या संगंच पेत होता! का गा झामसिंग, बंडी आणली आहे ना?"

बायका बंडीत बसल्या, पुरुष मागून पायी निघाले, आणि मंडळी कामठ्याला गेली.

तुलसा अंगण झाडत होती. दारात एवढी माणसं पाहून तिचे वडील बाहेर आले, तेजराम आला, शेजारीपाजारी जमले. त्या सगळ्यांसमोर झामसिंग उभा राहिला.

"तू गेल्यावर पेतच होतो. दिवाळीनंतर सोडली. आज दुकानात हात पुढं गेला होता, मांघं घेतला. बस, एवढंच."

सगळ्यांनी तुलसाकडे पाहिलं. तिनं खराटा भिंतीला टेकवला.

"मी हो म्हणू का नाही म्हणू?" ती म्हणाली. "मी तं इथं होती. न पाहता साक्ष देऊ का?"

"तशी साक्ष चालत नाही बाई," सुमित्राबाई म्हणाली.

"मंग पाहायलेच जा लागन." तुलसा आत गेली आणि लुगड्यांचं गाठोडं घेऊन बाहेर आली. नवऱ्यासमोर थांबली. "रोज पाहीन. खोटं बोलला तं भरल्या मंडळीत सांगन. तुही लाज ठेवणार नाही."

"सांगजो," झामसिंग म्हणाला.

बायकांनी सरकून तिला जागा केली. बंडीत आता बोट शिरायला वाव नव्हता, म्हणून झामसिंग बैलांच्या बाजूनं पायी चालू लागला. गाव मागे पडायच्या आतच मागून तुलसाचा आवाज आला, "सुमित्राबाई, पुढच्या रविवारी आमच्याच आंगनात बसा. एवढ्या माणसाइले भात किती शिजवा लागते व?"