दाराबाहेरचा स्टूल

मित्रांनो, मुकुंदवाडीतल्या एका घरात दारामागे भिंतीला टेकून ठेवलेला घडीचा स्टूल म्हणजे मी. पाय लोखंडी, बसायला जाड हिरवी ताडपत्री. एक पाय किंचित आखूड आहे, त्यामुळे बसणाऱ्याला मी थोडा डुलवतो. त्याला खोट म्हणायचं तर म्हणा, मला त्याचं काही वाटत नाही.

मला दुकानातून आणलेलं नाही. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात रामकिसन नावाचे वेल्डर आहेत. त्यांनी साहेबांना विचारून, उरलेल्या पाइपांतून सुट्टीच्या दिवशी मला जोडलं. म्हणून मी त्यांना बाबाच म्हणतो आणि त्यांच्या मुलीला, निशाला, ताई. नातं मानलेलं आहे, पण आहे.

निशाताईला मानवशास्त्रात पीएच.डी. करायची होती. मानवशास्त्र म्हणजे माणसांत जायचं, ती कशी जगतात, कुणाला काय म्हणतात, का म्हणतात ते समजून घ्यायचं आणि लिहायचं. घरात हे कुणाच्या पचनी पडेना. आत्यानं तर तोंडावर विचारलं, की बी.एड. सोडून हे दारोदार फिरणं कुठून काढलं? तो ‘दारोदार’ शब्द बाबांना फार लागला. शेवटी त्यांनी एक वर्ष दिलं. वर्षभरात काही जमलं नाही तर मुकाट्यानं बी.एड.चा फॉर्म भरायचा, असं ठरलं. पुढच्याच रविवारी त्यांनी मला तयार करून ताईच्या हातात दिलं.

"कुणाच्या दारात उभं राहायचं नाय," ते म्हणाले. "आपलं बसायचं आपल्या संगं असावं."

मला काय मिरवल्यासारखं वाटलं म्हणून सांगू! ताईच्या स्कूटीवर पुढं उभा राहून मी मुकुंदवाडीचा सिग्नलसुद्धा पाहिला. काम होतं चिकलठाण्याच्या पुढच्या एका वस्तीत. कारखाने उभे राहत होते तेव्हा विटा वाहायला गावोगावच्या बाया तिथं आल्या आणि तिथंच राहिल्या. माहेर-सासर लांब पडलं. मग त्यांनी आपसांत नवी नाती कशी जोडली, हे ताईला लिहायचं होतं.

पहिले दोन महिने मी रोज कामावर. ताई माझ्यावर बसायची, मांडीवर कागद घ्यायची आणि विचारायची. बाया खाली बसून उत्तरं द्यायच्या, "व्हय मॅडम," "नाय मॅडम." एकीनं तर पोलिओचा डोस पाजायला बाळ पुढं केलं. चंपाबाई आणि सरूबाई या दोघी शेजारणी म्हणाल्या, आम्ही बहिणी. ताईनं लिहून टाकलं, सख्ख्या बहिणी.

तिच्या मार्गदर्शक शैला मॅडमनी ते कागद वाचले आणि खाली ठेवले. ही तर खानेसुमारी झाली, म्हणाल्या, यात माणसं कुठं आहेत? आणि सख्ख्या बहिणींची माहेरं वेगवेगळ्या गावांची कशी? ताई बाहेर आली आणि किती तरी वेळ स्कूटीची किल्ली हातात धरून नुसती उभी राहिली. वर्षातले दोन महिने वाया गेले होते.

दुसऱ्या दिवशी चंपाबाईच तिला म्हणाली, "मॅडम, राग मानू नका. तुम्ही वर बसता. मान वर करून करून दुखती, मग बोलणं बी आखडतं."

ताई उठली. माझी घडी घातली, मला दाराबाहेर ठेवलं आणि आत जाऊन पोत्यावर सरूबाईच्या मांडीला मांडी लावून बसली. त्या दुपारी खरं काय ते निघालं. बाळंतपणात सरूबाई तापानं फणफणली होती, अंगावरचं दूध आटलं होतं. चंपाबाईनं आपल्या लेकीबरोबर तिच्या मुलाला पाजलं. तेव्हापासून त्या बहिणी. निघताना सरूबाई म्हणाली, "उद्या ये गं पोरी." ते ‘मॅडम’ म्हणणं कुठल्या कुठं गेलं.

आणि मी बाहेर. रोज बाहेर. उन्हानं माझे पाय तापायचे, शेळ्या येऊन ताडपत्री चाटायच्या. आतून हसण्याचे आवाज यायचे. मला फार एकटं वाटायचं. ताईचं काम जमत होतं आणि मला मात्र वाईट वाटतं, याची लाजही वाटायची.

रात्री जेवताना बाबा विचारायचे, स्टूल कामाला येतो ना? ताई म्हणायची, येतो ना. त्यांना दुखवायला तिला जड जायचं. मी दारामागून ऐकायचो.

नवव्या महिन्यात स्कूटी पंक्चर झाली आणि ताईनं बाबांना न्यायला बोलावलं. ते आले. आधी मी दिसलो, उन्हात पडलेला. मग आत पोत्यावर बसलेली लेक दिसली. त्यांचा चेहरा उतरला.

"निशा, ऊठ. तुला खाली बसवलं?"

चंपाबाई म्हणाली, "भाऊ, आम्ही नाय बसवलं. आम्ही खालीच होतो, ती आमच्यात आली."

बाबा उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. मग मला उचलून, माझ्याकडं बघतच बोलले. "माझा बाप गवंडी. गावात ज्यांच्या भिंती त्यानं बांधल्या, त्यांच्याच ओट्याखाली उभं राहून त्याला बोलावं लागायचं. मी त्याचं बोट धरून उभा. बस म्हणून कुणी म्हणलं नाय. म्हणून केला हा."

ताई पोत्यावरून उठून दाराशी आली. "बाबा, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही."

"तू कधी विचारलं?"

दोनशे माणसांना विचारून झालं होतं तिचं. सरूबाई सरकली, पोत्यावर जागा केली. बाबा आत गेले, बसले. चहा घेतला. बी.एड.च्या फॉर्मचा विषय त्यानंतर घरात कुणी काढला नाही.

पुढच्या रविवारी ताईनं बाबांना माझ्यावर बसवलं आणि स्वतः खाली बसली. बाबा बोलत होते, ती ऐकत होती. असे तीन रविवार मिळाले. मग प्रबंध लिहायची घाई लागली, आणि तो झाल्यावर तिला लांब गडचिरोलीकडं काम लागलं. जायच्या दिवशी बाबांनीच मला तिच्या सामानातून बाजूला काढलं. "राहू दे. तुला लागत नाय आता." खरंच होतं. तरी मला लागायचं ते लागलं.

आता संध्याकाळी ड्यूटीवरून आले की बाबा दारात माझ्यावर बसतात. कधी ताईचा फोन येतो. रेंज नसते. जेवलो, बरा आहे, एवढं म्हणून ते ठेवतात. मग कितीतरी वेळ तसेच बसून राहतात. त्यांचं सांगणं अजून संपलेलं नाही, हे मला त्यांच्या बसण्यावरून कळतं.

मित्रांनो, तुमच्याही घरात असं कुणीतरी बसलेलं असेल. माझ्याच्यानं ऐकणं होतं, पण विचारणं होत नाही. तुमच्याच्यानं होतं.