ओट्यावरचं नेट

गादीवाल्या सादिकच्या दुकानासमोर उन्हाळ्यात पाण्याचे रांजण मांडायची रीत त्याच्या अब्बांपासूनची. चंद्रपूरचं ऊन काय असतं ते इथल्याच माणसाला विचारावं. अब्बा गेल्यावर सादिकने त्यांच्या पुण्याईत भर घातली. लेकीच्या कॉलेजसाठी घेतलेल्या वायफायचा पासवर्डच काढून टाकला. नागभीडकडची पोरं भरतीच्या तयारीसाठी खोल्या करून राहतात, त्यांना नेट कुठून परवडणार?

त्याच्या बायकोने, नूरीने, तेव्हाच हटकलं होतं. "पानी पाजताना कोनी नाव विचारते का?" म्हणून सादिक हसला. चांगुलपणा अंगात शिरला की या माणसाचे कान बंद होतात, हे तिला निकाहापासून ठाऊक होतं.

दुकानाचा ओटा पोरांनी भरलेला असायचा. मग कुणीतरी तिथूनच एका रेल्वे स्टेशनात बॉम्ब ठेवल्याचा मेल धाडला. पोलीस विचारत फिरताहेत हे कानावर येताच सादिकने घाबरून पासवर्ड लावला. शहाणपण सुचलं ते नेमकं नको तेव्हा. बॉम्ब खोटा निघाला, पण सादिकला नेलं.

"नेट सगळ्यांना खुलं होतं, हे बाहेरच्या कोणी लिहून द्यावं," ठाण्यातले साहेब नूरीला म्हणाले. "घरच्यांचं कोण धरतं? कनेक्शन त्याच्याच नावावर आहे, आणि आम्ही आलो तेव्हा पासवर्ड लावलेला होता." साहेब रागावून बोलले नाहीत. तेच तिला जास्त लागलं.

ती तडक धनराजच्या खोलीवर गेली. पोलीस भरतीचा अर्ज त्याने त्याच ओट्यावर बसून भरला होता. निवड झाली तेव्हा पहिला पेढा सादिकच्या तोंडात घातला होता.

धनराजने तिला खुर्ची दिली आणि स्वतः उभाच राहिला.

"भाभी, सादिकभाई तसे नाईत, मले पक्कं माहीत हाय. पन माही पडताळणी चालू हाय. अशा केसमंदी नाव आलं तं गेली नोकरी."

"खरं तेवढंच सांगाचं हाय, बाबू."

"तेच सांगता येऊन नाई राह्यलं, भाभी."

पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. नाही म्हणाला तर चार शब्द सुनावायच्या तयारीने नूरी आली होती, ते राहूनच गेले. ओट्यावरच्या कोणाही पोराकडे गेलं तरी हेच ऐकावं लागणार होतं. त्या सगळ्यांनाच सरकारी नोकरी हवी होती.

"रडू नको. तुहं नाव नाई घेत मी," ती म्हणाली.

सकाळी भेटायला गेली तर सादिकने पहिलं तेच विचारलं, "धनराजले सांगतलं का?"

"गावाले गेला म्हन्ते," नूरी म्हणाली.

सादिकचा चेहरा जरा सैल झाला. "मंग ठीक हाय. आला का येतेच तो."