वही बाहेर, चपलांजवळ

दोन हजार पाच सालची दिवाळी उलटली, तरी वेणीमाधव सरांना कशाचंच काही वाटत नव्हतं. बायको जाऊन चार महिने झाले होते. चहा गार झाला तर ते तसाच पीत. मात्र निवृत्तीनंतर शाळेने दिलेला शनिवारचा एक तास त्यांनी कधी चुकवला नव्हता.

त्या तासाला सातवीची मुलं कॉम्प्युटरवर सोप्या इंग्रजी कादंबऱ्या वाचत. जूनमध्ये सगळ्यांची गाडी तिसऱ्या पानावर अडली होती. मुलं सवयीने वही उघडून प्रत्येक नवा शब्द उतरवायची, शेजारी मराठी अर्थ लिहायची. तास संपे आणि गोष्ट तिथंच राही. मग सरांनी नियम केला : वही बाहेर, चपलांजवळ. अडलं तर पुढे जायचं.

आता मखमलाबादच्या फुलशेतीवाल्यांची रूपाली शहाऐंशीव्या पानावर होती.

पण मुख्याध्यापिका शैलाबाईंना वह्या हव्या होत्या. त्या शनिवारी त्या तासालाच येऊन उभ्या राहिल्या. "सर, तपासणीला मी दाखवू काय? आज ठरवून टाकू. नाहीतर हा तास गणिताला देते."

"बघा," सर म्हणाले. तास गेला की शनिवारही बाकीच्या सहा दिवसांसारखा होणार, एवढं त्यांना कळत होतं. वाटत काही नव्हतं.

शैलाबाईंनी रूपालीच्या पडद्यावर बोट ठेवलं. "या शब्दाचा अर्थ?"

"नाय माहीत, बाई."

"आणि हा?"

"हा पण नाय."

मागून कुंदन पुटपुटला, "झेंडूचा भाव विचारा बाई, तो पाठ आहे तिला."

"तू अकराव्या पानावर हाय अजून," रूपाली मान न वळवता म्हणाली.

तेवढ्यात भारनियमनाची वेळ झाली. पडदे काळे झाले.

"मग शहाऐंशी पानं वाचलंस तरी काय?" बाईंनी विचारलं.

"एक म्हातारा नावाडी हाय. त्याचं कुत्रं नदीपलीकडं गेलं, ते आलंच नाय. म्हणून तो रोज संध्याकाळी रिकामी नाव घेऊन पलीकडं जातो. लोक हसतात. पण तो काय कुत्र्यासाठी नाय जात, बाई. घरी जाऊन बसवत नाय, म्हणून जातो."

"असं लिहिलंय?"

"लिहिलं नाय. पण कळतं ना."

सर कीबोर्डकडे बघत राहिले.

"येतं का ते परत?" बाईंचा आवाज जरा खाली आला होता.

"तिथवर नाय पोचले अजून."

बाई सरांकडे वळल्या. "तुम्ही तर वाचलीय."

सरांना शेवट ठाऊक होता. "तीच सांगेल," ते म्हणाले. "दोन शनिवार लागतील."

बाई दाराकडे निघाल्या. "राहू द्या तास. तपासणीला हिलाच पुढे करते."

मुलांनी दाराबाहेर चपला घातल्या, वह्या उचलल्या आणि ती गेली. शिपाई कुलूप घेऊन आला.

"सर, लाइट यायला तीन तास हायेत."

"असू दे," सर म्हणाले, आणि बसून राहिले.